लिंक-स्टेट राउटिंग: सगळ्या राउटरांकडे एकच नकाशा कसा राहतो

नेटवर्किंगच्या अभ्यासक्रमात लिंक-स्टेट राउटिंग आले की सर्वांत जवळचा मार्ग काढायचा डाइक्स्ट्राचा अल्गोरिदम शिकवतात, परीक्षेत पाच राउटरांची आकृती देऊन तक्ता भरून घेतात आणि विषय आटोपतो. खरे तर तो अल्गोरिदम हा या विषयातला सर्वांत सोपा भाग आहे. एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी तो १९५९ मध्ये प्रसिद्ध केला आणि आजही राउटरमध्ये मूळ कल्पना तीच चालते. ओएसपीएफ या प्रमुख लिंक-स्टेट प्रोटोकॉलची व्याख्या करणारा मानक दस्तऐवज, आरएफसी २३२८ (एप्रिल १९९८), दोनशेहून जास्त पानांचा आहे. त्यात सर्वांत जवळचा मार्ग काढायचा भाग मोजक्या पानांत उरकतो. बाकीचा बहुतेक मजकूर एकाच काळजीपोटी लिहिलेला आहे: प्रत्येक राउटरकडे नेटवर्कचा तोच नकाशा असला पाहिजे, आणि तसाच राहिला पाहिजे.

ही काळजी एवढी का, हे आधी पाहू. रिप या प्रोटोकॉलसारख्या डिस्टन्स-व्हेक्टर पद्धतीत राउटर शेजाऱ्याला आपला निष्कर्ष सांगतो: ‘त्या नेटवर्कपर्यंत माझ्याकडून ३ हॉप (टप्पे).’ शेजारी त्यात एक मिळवून पुढे सांगतो. पूर्ण चित्र कुणालाच दिसत नाही. परक्या गावात दर चौकात वाट विचारत जावे, तसा हा प्रकार. लिंक-स्टेटमध्ये राउटर निष्कर्ष सांगतच नाही. तो फक्त स्वतःपुरती वस्तुस्थिती जाहीर करतो: माझ्या लिंक इतक्या, प्रत्येकीच्या पलीकडे हा शेजारी, आणि माझ्या बाजूने त्या लिंकवरून जायची कॉस्ट अमुक. या जाहिरातीला एलएसए म्हणतात. ती प्रत्येक राउटरपर्यंत आहे तशी पोहोचते, वाटेत कुणी तिच्यातली माहिती बदलत नाही. सगळ्यांच्या एलएसए गोळा झाल्या की लिंक-स्टेट डेटाबेस, म्हणजे नकाशा, तयार. मग प्रत्येक राउटर स्वतःला केंद्रस्थानी ठेवून आपापले मार्ग काढतो.

यात एक अट लपलेली आहे. पॅकेट पुढे पाठवताना प्रत्येक राउटर एकटा निर्णय घेतो. ‘मी हे घ राउटरकडे जाण्यासाठी ग राउटरला देतो आहे’ हे पॅकेटवर लिहिलेले नसते. पुढचा राउटरही आपल्यासारखाच विचार करेल, या भरवशावर पॅकेट सोडले जाते. दोघांचा नकाशा एक असेल तर भरवसा खरा ठरतो. नकाशे वेगळे झाले तर पॅकेट दोघांमध्ये चेंडूसारखे फिरू शकते.

पाच राउटर, सात लिंक

एक छोटे नेटवर्क घेऊ. राउटर क, ख, ग, घ आणि च. लिंकच्या कॉस्ट दोन्ही दिशांना सारख्या: क–ख १०, क–ग ३, क–च १२, ग–ख ४, ग–घ ८, ख–घ २, घ–च ५.

क आपले मार्ग असे काढतो. सुरुवातीला उमेदवार तीन: ग ३, ख १०, च १२. सर्वांत कमी ग, म्हणून ग ३ वर पक्का. आता गमार्गे काय मिळते ते पाहायचे: ख ३+४ म्हणजे ७, जुन्या १० पेक्षा कमी, म्हणून बदलला. घ ३+८ म्हणजे ११, नवा उमेदवार. पुढचा सर्वांत कमी ख, ७ वर पक्का. त्याच्यामार्गे घ ७+२ म्हणजे ९, जुन्या ११ पेक्षा कमी, बदलला. घ ९ वर पक्का. त्याच्यामार्गे च १४, पण थेट लिंकने १२ आधीच आहे, म्हणून बदल नाही. च १२ वर पक्का.

हाती काय आले? खला कची थेट लिंक असूनही क त्याच्यासाठी पॅकेट गकडे देतो. राउटिंग टेबलमध्ये पूर्ण मार्ग साठवला जात नाही, फक्त पुढचा हॉप: ख, ग आणि घसाठी ग, चसाठी च. एका मार्गाची कॉस्ट दुसऱ्याइतकीच निघाली तर दोन्ही पुढचे हॉप ठेवले जातात आणि प्रवाह त्यांच्यात वाटला जातो. ही वाटणी सहसा पॅकेटगणिक नसते, पत्ता आणि पोर्ट यांच्या हॅशवर असते, म्हणजे एका कनेक्शनची पॅकेट मागेपुढे होत नाहीत.

कॉस्ट दिशेगणिक वेगळी असू शकते, कारण ती लिंकची नसून त्या बाजूच्या इंटरफेसची असते. एका टोकाला १० आणि दुसऱ्याला १०० ठेवले तर प्रोटोकॉल तक्रार करत नाही. जाणारा प्रवाह एका वाटेने आणि परतीचा दुसऱ्या वाटेने जातो, एवढेच. राउटरांना त्याचे सोयरसुतक नाही, मध्ये कनेक्शन लक्षात ठेवणारा फायरवॉल असेल तर त्याला मात्र आहे. परतीची पॅकेट त्याने कधी पाहिलेल्या कनेक्शनची नसतात आणि तो ती टाकून देतो.

कॉस्ट कुठून येते

मानकाने कॉस्टचे सूत्र ठरवून दिलेले नाही. सिस्को कंपनीच्या राउटरमध्ये मूळ सेटिंग असते १०० मेगाबिट भागिले इंटरफेसची गती, आणि उत्तर १ पेक्षा कमी आले तर १. हे सूत्र १०० मेगाबिट वेगवान मानले जायचे त्या काळातले. आज त्यामुळे १०० मेगाबिट, १ गिगाबिट आणि १० गिगाबिट या तिन्ही लिंकची कॉस्ट १ येते आणि ओएसपीएफ त्यांना सारखेच समजतो. दहा गिगाबिटची लिंक असताना अर्धा प्रवाह १०० मेगाबिटच्या लिंकवर गेलेला दिसला की आधी हेच तपासावे. रेफरन्स बँडविड्थ, म्हणजे सूत्रातला १०० मेगाबिटचा आकडा, वाढवून, समजा १०० गिगाबिटवर नेऊन, प्रश्न सुटतो. पण ती सगळ्या राउटरांवर एकाच वेळी बदलायला हवी. निम्म्यांवर जुने सूत्र आणि निम्म्यांवर नवे राहिले, तर नकाशा सगळ्यांकडे एकच राहतो खरा, पण त्यावरचे आकडे वेगवेगळ्या मापांनी लिहिलेले असतात. इंटरफेसची कॉस्ट १६ बिटांत बसते, म्हणजे कमाल ६५,५३५.

कॉस्ट गर्दीनुसार आपोआप का बदलत नाही, हा प्रश्न हमखास येतो. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या आर्पानेटवर तेही करून झाले आहे. तिथे मे १९७९ मध्ये लिंक-स्टेट पद्धत आली तेव्हा कॉस्ट म्हणजे १० सेकंदांचा मोजलेला सरासरी विलंब असे. भार कमी असताना ते छान चाले. भार वाढला की सगळे नोड गर्दीची लिंक सोडून एकदम दुसरीवर जात, मग ती तुंबे आणि पहिली ओस पडे, की सगळे परत. १९८७ मध्ये ही कॉस्ट मोजायची पद्धत सुधारून हे हेलकावे कमी केले गेले. ओएसपीएफमध्ये माणसाने ठरवलेली स्थिर कॉस्ट असते, आणि गर्दीचे व्यवस्थापन हवे तर ते वेगळ्या थराचे काम मानले जाते.

एलएसए नवी की जुनी, हे कसे ओळखायचे

आता खरा अवघड भाग. एलएसए फ्लडिंगने पसरते: एका इंटरफेसवरून आली की बाकीच्या सगळ्या इंटरफेसवरून पुढे. नेटवर्कमध्ये वर्तुळे असतातच, त्यामुळे तीच एलएसए दोन-तीन बाजूंनी येते, कधी जुनी प्रत नवीनंतर पोहोचते. कुठली ठेवायची आणि कुठली टाकायची हे चुकले की काय होते, याचे उत्तर २७ ऑक्टोबर १९८० रोजी मिळाले. त्या दिवशी आर्पानेट काही तास निरुपयोगी झाले होते.

त्यावेळी अपडेटचा सीक्वेन्स नंबर, म्हणजे आवृत्तीचा क्रमांक, फक्त ६ बिटांचा होता, ० ते ६३, आणि घड्याळासारखा फिरून पुन्हा ० वर येई. दोन नंबरांत नवा कोणता, हे वर्तुळावर पुढे कोण आहे त्यावरून ठरे. एका नोडच्या सदोष हार्डवेअरमधून बिट गळाले आणि एकाच नोडच्या नावाने तीन अपडेट फिरू लागले: ४४, ४० आणि ८. बायनरीत पाहा: १०११००, १०१०००, ००१०००. एकेक बिट गळत गेला आहे. नियमाप्रमाणे ४० हा ८ पेक्षा नवा, ४४ हा ४० पेक्षा नवा, आणि वर्तुळावरून फिरून ८ हा ४४ पेक्षा नवा! प्रत्येक नोड तिन्ही अपडेट आळीपाळीने ‘नवीन’ म्हणून स्वीकारत आणि पुढे पाठवत राहिला. एखादा नोड बंद करून चालू केला तरी शेजारी त्याला तेच तीन अपडेट पुन्हा देत. शेवटी त्या नोडच्या नावाने येणारे अपडेट दुर्लक्षित करणारा बदल सगळीकडे घालावा लागला.

ओएसपीएफच्या एलएसएचे २० बाइटांचे हेडर पाहिले की त्या दिवसाचे उत्तर त्यात वाचता येते. सीक्वेन्स नंबर ३२ बिटांचा आहे आणि तो सरळ रेषेत चढतो, फिरून मागे येत नाही. हेक्समध्ये (१६ च्या पायावर) ८००००००१ या ऋण संख्येपासून सुरू होऊन ७एफएफएफएफएफएफएफ पर्यंत जातो. एकाच एलएसएची नवी आवृत्ती दर ५ सेकंदांत एकदाच काढता येते. त्या कमाल वेगानेसुद्धा हे आकडे संपायला सुमारे ६८० वर्षे लागतील. तरी संपलेच तर राउटर आधी जुनी एलएसए नेटवर्कभर पुसून टाकतो आणि मगच पहिल्या नंबरापासून सुरू करतो.

चेकसम, म्हणजे मजकूर बिघडला का हे ओळखायचा आकडा, एज (वय) हे खाते सोडून संपूर्ण एलएसएवर असतो. एज वाटेत बदलते, म्हणून ते वगळलेले. हा चेकसम एलएसए तयार करणारा राउटर घालतो आणि तो तिच्याबरोबरच डेटाबेसमध्ये राहतो. एलएसए नुसती साठवलेली असतानाही दर ५ मिनिटांनी तो पडताळायचा असतो. तो जुळला नाही तर मेमरी बिघडली आहे असे समजायचे. आर्पानेटवर नोडच्या मेमरीत गळालेला बिट कुणाच्या लक्षात आला नव्हता.

तिसरे खाते एज, सेकंदांत. ते ० पासून वाढते, डेटाबेसमध्ये पडून असतानाही आणि प्रत्येक हॉपला थोडे. ३६०० ला कमाल. एलएसए ज्याची तो तिला दर १८०० सेकंदांनी नव्या सीक्वेन्स नंबराने ताजी करतो. राउटर कायमचा बंद पडला तर कुणी ताजी करत नाही आणि तासाभरात ती सगळ्यांकडून निघून जाते. घाईने काढायची असेल तर मालक स्वतःच एज ३६०० करून पुन्हा फ्लड करतो. दुसऱ्याची एलएसए वय होण्याआधी पुसायचा अधिकार कुणाला नाही.

दोन प्रतींची तुलना ठरलेल्या क्रमाने होते. आधी मोठा सीक्वेन्स नंबर. तो सारखा असेल तर मोठा चेकसम. तोही सारखा असेल आणि एकच प्रत ३६०० वर पोहोचली असेल तर ती नवी, कारण ती पुसण्याचा आदेश आहे. नाहीतर वयांत ९०० सेकंदांहून जास्त फरक असेल तर तरुण प्रत नवी. यातले काहीच नसेल तर दोन्ही एकच.

राउटर रीस्टार्ट झाला की तो पहिल्या नंबरापासून एलएसए काढतो, पण शेजाऱ्यांकडे त्याचीच जुनी, मोठ्या नंबराची एलएसए पडलेली असते. ती त्याच्याकडे परत येते, तो तिच्यापेक्षा एक जास्त नंबर घेऊन नवी एलएसए काढतो आणि विषय मिटतो. हीच सोय दोन राउटरांना चुकून एकच राउटर आयडी दिला की अंगाशी येते. व्हर्च्युअल राउटरची प्रत काढली आणि आयडी बदलायचा राहिला, हे याचे नेहमीचे कारण. प्रत्येकाला दुसऱ्याची एलएसए स्वतःची जुनी एलएसए वाटते, तो नंबर वाढवून उत्तर देतो, दुसराही तेच करतो. डेटाबेसमध्ये एकच एलएसए सतत कोवळ्या वयाची, तिचा सीक्वेन्स नंबर दर काही सेकंदांनी चढणारा आणि तिच्यातल्या लिंक आलटून पालटून बदलणाऱ्या दिसल्या, तर दुसरे कारण शोधत बसू नये.

शेजार जुळतो कसा, आणि कुठे अडकतो

फ्लडिंग भरवशाचे असते: प्रत्येक एलएसएची पोच घेतली जाते आणि ती आली नाही तर साधारण ५ सेकंदांनी पुन्हा पाठवली जाते. ओएसपीएफ टीसीपी वापरत नाही, तो थेट आयपीवर प्रोटोकॉल क्रमांक ८९ म्हणून चालतो, त्यामुळे ही सगळी जबाबदारी त्याची स्वतःची. त्यासाठी आधी शेजारी कोण हे ठरावे लागते.

इथरनेटवर दर १० सेकंदांनी २२४.०.०.५ या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांसाठीच्या) पत्त्यावर हॅलो नावाचे पॅकेट जाते. ४० सेकंद हॅलो आले नाही की शेजारी गेला असे धरतात. हॅलोमध्ये आपण ज्यांचे हॅलो ऐकले त्यांची यादी असते. त्या यादीत स्वतःचे नाव दिसले म्हणजे ऐकणे दोन्ही बाजूंनी आहे. नाव दिसत नसेल तर शेजारी इनिट अवस्थेत अडकतो: तुम्हाला त्याचे ऐकू येते, त्याला तुमचे नाही. बहुतेकदा मध्ये कुठेतरी पॅकेट गाळणारी अ‍ॅक्सेस-लिस्ट किंवा एका बाजूचे मल्टिकास्ट अडलेले असते. एरिया (नेटवर्कचा भाग, त्याबद्दल पुढे), हॅलो आणि डेडचे आकडे (वरचे १० आणि ४०), सबनेट मास्क, ऑथेंटिकेशन किंवा स्टब एरियाची (बाहेरचे रूट आत न घेणाऱ्या एरियाची) खूण, यातले काहीही जुळले नाही तर शेजारी यादीतच येत नाही.

एमटीयू, म्हणजे लिंकवरून जाऊ शकणाऱ्या पॅकेटचा कमाल आकार, मात्र हॅलोमध्ये नसतो. तो पुढच्या टप्प्यात, दोघे आपापल्या डेटाबेसची अनुक्रमणिका एकमेकांना देतात तेव्हा येतो. समोरच्याचा एमटीयू आपल्यापेक्षा मोठा असेल तर राउटर ते पॅकेट सोडून देतो. मग शेजारी एक्सस्टार्ट किंवा एक्सचेंज या अवस्थांत घुटमळत राहतो, हॅलो मात्र व्यवस्थित चालू. एमटीयूची तपासणी बंद करायची कमांड असते आणि घाईत ती दिली जाते. तसे करू नये. मोठ्या आकाराची अपडेट पॅकेट तरीही पलीकडे पोहोचणार नाहीत, आणि नेटवर्क लहान असताना चाललेली जोडणी ते वाढल्यावर एका रात्री लोडिंग अवस्थेत अडकेल. दोन्ही बाजूंचा एमटीयू सारखा करणे हाच उपाय.

एका स्विचवर दहा राउटर असतील तर प्रत्येकाने प्रत्येकाशी डेटाबेस जुळवायचा म्हणजे ४५ जोड्या. म्हणून त्यांच्यातून एक डेझिग्नेटेड राउटर आणि एक त्याचा राखीव निवडला जातो. बाकीचे फक्त या दोघांशी जुळवतात, जोड्या उरतात १७. उरलेल्या आठ जणांचे आपापसातले नाते टू-वे अवस्थेवर थांबते, आणि ते तसेच थांबायला हवे. फुल (पूर्ण जुळलेले) का होत नाही म्हणून नव्या माणसाचा यात अर्धा दिवस जातो. निवड प्रायॉरिटीवर आणि ती सारखी असेल तर मोठ्या राउटर आयडीवर होते, पण ती चालू कारभार उलथवत नाही. जास्त प्रायॉरिटीचा राउटर नंतर आला तरी जुनाच डेझिग्नेटेड राहतो. एखादा राउटर कधीच निवडला जाऊ नये असे वाटत असेल तर त्याची प्रायॉरिटी ० करावी.

इथे एक फसवा बिघाड आहे. एका लिंकच्या एका टोकाला नेटवर्क टाइप ब्रॉडकास्ट आणि दुसऱ्या टोकाला पॉइंट-टू-पॉइंट ठेवला. दोन्हींचे टायमर १० आणि ४०, त्यामुळे शेजार जुळतो, अवस्था फुल दिसते, एलएसएसुद्धा येतात. पण पलीकडचे रूट टेबलमध्ये येत नाहीत. कारण मार्ग काढताना राउटर एक तपासणी करतो: क म्हणतो ‘माझी खशी लिंक आहे’, तर खच्या एलएसएमध्येही कशी लिंक असल्याची नोंद हवी. नसेल तर ती लिंक नकाशात धरायचीच नाही. इथे एका टोकाने ‘मी या सामायिक नेटवर्कला जोडलेला आहे’ असे लिहिले, दुसऱ्याने ‘मी थेट त्या राउटरला जोडलेला आहे’ असे. दोन्ही नोंदी एकमेकींना पुष्टी देत नाहीत, म्हणून लिंक रद्द. बंद पडलेल्या राउटरची एलएसए तासभर डेटाबेसमध्ये राहूनही नुकसान का करत नाही, त्याचे कारणही हेच: शेजाऱ्यांनी आपल्या बाजूची नोंद लगेच काढलेली असते.

नकाशा बदलतो तेव्हाचे काही क्षण

क–ग लिंक तुटली असे समजू. पहिला वेळ जातो तो हे कळण्यात. केबल थेट दोन राउटरांत असेल तर इंटरफेस खाली जातो आणि लगेच कळते. मध्ये स्विच असेल तर इंटरफेस चालूच दिसतो आणि ४० सेकंद पॅकेट हवेत जातात. त्यासाठी बीएफडी हा शेजारी जिवंत आहे का ते झटपट तपासणारा प्रोटोकॉल वापरतात: ५० मिलिसेकंदांचे अंतर आणि तीन चुकले की गेला, म्हणजे १५० मिलिसेकंदांत निकाल. हॅलोचा काळ कमी करूनही हे साधता येते, पण हॅलोवर राउटरच्या मुख्य प्रोसेसरला काम करावे लागते. बीएफडी बऱ्याच हार्डवेअरवर लाइन कार्डवरच चालतो, म्हणून त्याला झुकते माप द्यावे.

पुढे नवी एलएसए, तिचे फ्लडिंग, नव्याने हिशोब, आणि तो हार्डवेअरच्या फॉरवर्डिंग टेबलमध्ये उतरवणे. प्रत्येक राउटरला यात वेगळा वेळ लागतो, आणि नकाशे एक नसण्याचा धोका इथेच खरा होतो.

गकडून ककडे जाणारी पॅकेट पाहा. आधी थेट, ३. आता गला नवा मार्ग दिसतो: खमार्गे ४+१०, म्हणजे १४. लिंक गचीच तुटली, त्यामुळे त्याला आधी कळले आणि त्याने पॅकेट खकडे वळवली. ख अजून जुन्या नकाशावर आहे. जुन्या नकाशात खकडून ककडे जायचा स्वस्त मार्ग गमार्गे आहे, ४+३ म्हणजे ७, थेट १० पेक्षा कमी. ख ती पॅकेट गला परत देतो, ग पुन्हा खला. टीटीएल (पॅकेटला उरलेले हॉप) संपेपर्यंत किंवा ख नवा हिशोब पूर्ण करेपर्यंत हे चालते. याला मायक्रोलूप म्हणतात. तो काही मिलिसेकंदांचा असू शकतो, मोठ्या टेबलांच्या राउटरवर शेकडो मिलिसेकंदांचाही. एकेक पॅकेट कितीतरी वेळा त्याच लिंकवरून गेल्यामुळे ती लिंक भरते, आणि मोडक्या वाटेशी संबंध नसलेल्या प्रवाहालाही त्याचा फटका बसतो.

लिंक तुटायच्या आधीच पर्यायी शेजारी काढून ठेवता येतो. त्याला लूप-फ्री आल्टरनेट म्हणतात (आरएफसी ५२८६). कसोटी सोपी आहे: शेजाऱ्याकडून ठिकाणापर्यंतचे अंतर हे ‘शेजाऱ्याकडून माझ्यापर्यंत अधिक माझ्याकडून ठिकाणापर्यंत’ यापेक्षा काटेकोरपणे कमी हवे. कला गसाठी ख चालतो का? खकडून ग ४, खकडून क ७ अधिक ३ म्हणजे १०. चालतो. आता उलट बाजू, गला कसाठी ख? खकडून क ७, खकडून ग ४ अधिक ३ म्हणजे ७. सात हे सातपेक्षा कमी नाही, नापास. घ? घकडून क ९, घकडून ग ६ अधिक ३ म्हणजे ९. तोही नापास. म्हणजे एकाच लिंकला एका दिशेने संरक्षण आहे आणि दुसऱ्या दिशेने नाही. क–खची कॉस्ट १० ऐवजी दोन्ही बाजूंनी ६ केली तर खकडून क ६ होते, ६ हे ७ पेक्षा कमी, आणि ग सुरक्षित होतो. आराखडा करताना कॉस्ट नुसत्या गतीवरून न घालता हा हिशोबही करून पाहावा.

लिंक सारखी चालू-बंद होत असेल तर दर वेळी हिशोब करत बसणे परवडत नाही. म्हणून पहिल्या बदलाला राउटर काही मिलिसेकंद थांबतो आणि बदल येतच राहिले तर हा थांबा वाढवत काही सेकंदांवर नेतो. हे आकडे सगळ्या राउटरांवर सारखे ठेवावेत. ते वेगळे असतील तर मायक्रोलूप लांबतात.

एरिया: जिथे नकाशा संपतो

नकाशा सगळ्यांकडे एकच, हे विधान ओएसपीएफमध्ये एका एरियापुरते खरे आहे. एरिया ओलांडताना सीमेवरचा राउटर आतला नकाशा देत नाही, फक्त सारांश देतो: ‘हे नेटवर्क माझ्यामार्गे, कॉस्ट इतकी.’ म्हणजे एरियांच्या दरम्यान आपण परत डिस्टन्स-व्हेक्टरवर आलो. लूप होऊ नये म्हणून सगळ्या एरियांनी एरिया ० ला जोडलेले असावे आणि सीमेवरच्या राउटरने दुसऱ्या एरियांचे सारांश एरिया ० मधूनच स्वीकारावेत, हा नियम तिथून येतो.

याचा एक परिणाम बऱ्याच जणांना चकवतो. एरियाच्या आतला मार्ग हा बाहेरून जाणाऱ्या मार्गापेक्षा नेहमी श्रेष्ठ, कॉस्ट काहीही असो. दोन राउटर एका एरियात १० मेगाबिटच्या जुन्या लिंकने जोडलेले आणि एरिया ० मधून १० गिगाबिटने, तरी एरियातला प्रवाह जुन्या लिंकवरूनच जाईल. कॉस्ट वाढवत बसून काही होत नाही, लिंकचा एरिया बदलावा लागतो.

शेकडो राउटरांचा हिशोब आजचे प्रोसेसर सहज करतात, त्यामुळे केवळ तेवढ्यासाठी एरिया पाडू नयेत. सारांश करायचा असेल, म्हणजे शाखांमधली लहान नेटवर्क एका मोठ्या पत्त्याखाली झाकून तिथली उलथापालथ बाहेर जाऊ द्यायची नसेल, तर एरिया उपयोगाचे. मात्र सारांशाखालचे एखादे नेटवर्क बंद असले तरी बाहेरून त्याची पॅकेट येतच राहतात. सीमेवरचा राउटर अशा पॅकेटसाठी सारांशाच्या पत्त्यावर टाकून देणारा रूट ठेवतो. तो काढू नये. नाहीतर ही पॅकेट डीफॉल्ट रूटने परत बाहेर जातात आणि लूप तयार होतो.

आयएस-आयएस हा दुसरा मोठा लिंक-स्टेट प्रोटोकॉल, मोठ्या सेवा पुरवठादारांच्या गाभ्यात बराच दिसणारा. विचार तोच, तपशील निराळे. तो आयपीवर नव्हे तर थेट डेटा लिंकवर चालतो, त्यामुळे दूरवरून आयपी पॅकेट पाठवून त्याला छेडता येत नाही. एरियाची सीमा राउटरमधून न जाता लिंकवर पडते. वय उलटे, १२०० सेकंदांपासून खाली येणारे. तिथला डेझिग्नेटेड राउटर जास्त प्रायॉरिटीवाला आला की लगेच बदलतो आणि राखीव कुणी नसतो.

बिघाड शोधताना

एरियातल्या एका राउटरवर रूट गाळायचा फिल्टर लावला तर तो फक्त त्याच्या राउटिंग टेबलवर लागतो. डेटाबेस तसाच राहतो, एलएसए पुढे जातच राहतात. बाकीचे राउटर नकाशा पाहून पॅकेट त्याच्याकडे पाठवतात आणि तो ती टाकून देतो. एखादे नेटवर्क लपवायचे तर ते एरियाच्या सीमेवर, किंवा बाहेरचे रूट ओएसपीएफमध्ये आणले जातात तिथे. एरियाच्या आत लपवता येत नाही.

राउटर बंद करायचा असेल तर केबल ओढण्याआधी त्याला आपल्या पुढे जाणाऱ्या लिंकची कॉस्ट ६५,५३५ जाहीर करायला लावावे. दुसरी वाट असलेला प्रवाह पॅकेट न गमावता तिकडे वळतो, आणि राउटरपर्यंत लॉगिन करता येत राहते. चालू करतानाही तसेच: ओएसपीएफ सेकंदांत उभा राहतो, बीजीपीला (वेगवेगळ्या संस्थांच्या नेटवर्कमधल्या राउटिंग प्रोटोकॉलला) पूर्ण टेबल घ्यायला मिनिटे लागतात, मधल्या काळात प्रवाह अंगावर घेऊ नये. आयएस-आयएसमध्ये याच कामासाठी ओव्हरलोड बिट आहे.

आणि दोन राउटर एकाच ठिकाणाबद्दल वेगवेगळे बोलत असतील तर राउटिंग टेबलपासून सुरुवात करू नये. सिस्कोवर ‘शो आयपी ओएसपीएफ’ या कमांडच्या उत्तरात प्रत्येक एरियाखाली एलएसएची संख्या आणि त्यांच्या चेकसमची बेरीज छापलेली असते. एका एरियातल्या दोन राउटरांवर हे दोन आकडे लागोपाठ पाहावेत. बेरीज वेगळी आणि थोड्या वेळाने पाहिल्यावरही वेगळीच, तर दोष फ्लडिंगमध्ये किंवा शेजारात आहे, मग मधल्या प्रत्येक जोडीची अवस्था तपासावी. बेरीज सारखी असेल तर नकाशा एकच आहे, दोष त्यानंतरच्या पायऱ्यांत: कुणीतरी हाताने स्टॅटिक रूट घातला आहे (सिस्कोवर त्याचे वजन १, ओएसपीएफचे ११०, कमी वजनाचा जिंकतो), फिल्टर लावला आहे, किंवा टेबलमधला रूट हार्डवेअरमध्ये उतरलेला नाही.